नरक्याचं झाड

पहिल्या औषधाला आजार दाद देईनासा झाला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी राहीबाईला दुसरं औषध सुरू केलं. राहीबाईच्या ओटीपोटात कर्करोग होता. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. डोक्यावरचे केस एकदा जाऊन पुन्हा बोटभर आले होते आणि आता पोटात परत पाणी धरू लागलं होतं. तिचा नवरा हंबीरराव प्रत्येक खेपेला सोबत यायचा. आधी सैन्यात आणि मग वनखात्यात उमेदीची वर्षं घातलेला माणूस. काय चाललंय हे नीट विचारून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या सकाळीही नळीतून पिवळसर औषध उतरायला लागलं, तेव्हा त्यानं विचारलं, की हे कशापासून करतात.

डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी जरा उसंत होती. त्यांनी सांगितलं, की यातलं मूळ द्रव्य आधी चीनमधल्या एका झाडात सापडलं. पण आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडातही ते भरपूर आहे. पूर्वी ते झाड फार तोडलं गेलं. आता काही ठिकाणी त्याची लागवडही होते. त्याचं मराठी नाव काहीतरी वाईटच आहे, त्या म्हणाल्या, आठवायला लागल्या.

"नरक्या," हंबीरराव म्हणाला.

त्या हसून हो म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. हंबीरराव मात्र औषध संपेपर्यंत त्या बाटलीकडे बघत बसला.

नरक्या त्याला पुरता माहीत होता. लष्करातून सुटल्यावर माजी सैनिक म्हणून तो वनरक्षक झाला आणि वारणेच्या वरच्या अंगाला, राखीव जंगलाच्या कडेला त्याची नेमणूक झाली. घर इस्लामपूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. शेती, सासूसासरे, मुलगी रेश्मा हे सगळं राहीबाई बघायची. तो सणासुदीला घरी यायचा. जंगलात वाघजाईची राई म्हणून एक भाग होता. तिथं कधी कुऱ्हाड लागली नव्हती. तिथल्या अंजनीची आणि जांभळीची खोडं दोन माणसांच्या कवेत मावत नसत. त्या मोठ्या झाडांच्या सावलीत नरक्या वाढायचा. मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या खोडाचं, नजरेत न भरणारं झाड. पाला चुरगळला, की घाण वास सुटायचा, म्हणून गुरंही तोंड लावत नसत.

मग एका वर्षी त्या झाडाला अचानक गिऱ्हाईक आलं. कुठले तरी व्यापारी वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना हाताशी धरून ते तोडून न्यायला लागले. खोड, फांद्या, मुळंसुद्धा. जिथं नरक्याची दाट रांग होती, तिथं नुसते खड्डे राहिले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या श्रावणात हंबीरराव राईत फिरत असताना त्याला ताज्या तोडीचा वास आला. वासाच्या मागानं गेल्यावर कुंभ्याच्या झाडाखाली तिघं जण मोळ्या बांधताना दिसले. दोघं पळाले. तिसरा पावसात घसरून पडला, तो सापडला. तो फणसवाडीचा केरबा. त्याला पुष्कळ विचारलं, पण त्यानं ना जोडीदारांचं नाव सांगितलं, ना व्यापाऱ्याचं. केस उभी राहिली, साक्ष हंबीररावानं दिली, आणि केरबाला वर्षाहून जास्त कैद झाली. त्यानंतर त्या भागातली तोड थांबली. हंबीररावाला बक्षीस मिळालं, बढती मिळाली. त्या दिवाळीत घरी आल्यावर त्यानं ही सगळी हकिकत राहीबाईला मोठ्या अभिमानानं सांगितली होती.

मिरजेहून परत आल्यावर दोन दिवस तो गप्पच होता. राहीबाईनं कट्ट्यावर त्याला शेजारी बसवून घेतलं आणि काय झालंय ते विचारलं. तेव्हा त्यानं औषधाचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की तुमी ज्याला पकडलं हुतं, त्याचं पुढं काय झालं?

त्याला ते माहीत नव्हतं. केरबाची शिक्षा चालू असतानाच त्याची स्वतःची पाटण तालुक्यात बदली झाली होती, आणि नंतर कधी चौकशी करायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मला तिकडं घिऊन चला," राहीबाई म्हणाली. "ते झाड बगायचंय. त्या मानसालाबी भेटायचंय."

हंबीरराव म्हणाला, की रस्ता वाईट आहे, चढ आहे, तुझ्या अंगात रक्त नाही. ती म्हणाली, "आवं, तुमी आर्धा जल्म त्या रानात काडला. मी त्ये कवा बगितलं? आता न्हाई बगितलं, तर ऱ्हायलंच की."

रेश्मा साताऱ्याच्या शाळेत शिकवायची. तिनं फोनवर विरोध केला, मग रडली, मग रजा टाकून आली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, की पुढच्या डोसाच्या आधी ताकद जरा भरून येईल, तेव्हा जा. गर्दीत जाऊ नका, बाहेरचं पाणी पिऊ नका. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिघं भाड्याच्या जीपनं निघाले. राहीबाईनं डोक्याला सुती रुमाल बांधून वरून पदर घेतला होता. शिराळा मागं पडला, ऊस विरळ झाला, आणि वारणेच्या धरणाच्या पुढं डोंगर जवळ आले, तशी ती खिडकीला टेकून सरळ बसली.

नाक्यावरच्या तरुण वनरक्षकानं हंबीररावाला ओळखलं आणि राईपर्यंत जायची परवानगी दिली. फणसवाडी नाक्यापासून जवळच होती. मातीच्या भिंतींची, कौलांची आठ-दहा घरं. केरबाचं घर विचारल्यावर एका म्हातारीनं हात करून दाखवलं.

केरबा अंगणात कोयत्याला धार लावत होता. केस पिकले होते, अंग वाळलं होतं, पण हंबीररावानं त्याला लगेच ओळखलं. त्यानंही ओळखलं. तो उठला, कोयता भिंतीला टेकवला आणि तसाच उभा राहिला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याची बायको हरणाबाई दारात आली. तिनं आधी जीपमधून उतरणाऱ्या राहीबाईकडे पाहिलं. पदराखालचा रुमाल, सुजलेलं पोट, हाडकुळे हात. आणि काही न विचारता तिनं घोंगडं आणून ओट्यावर पसरलं.

राहीबाईनं बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. आजार कुठला, औषध कुठलं, आणि ते कुठल्या झाडात असतं. केरबा ऐकत होता. त्यानं एकदा हंबीररावाकडे पाहिलं, की हे खरं आहे का. हंबीररावानं मान हलवली.

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई, कशासाटी नेत्यात त्ये," केरबा म्हणाला. "कुनी म्हनायचं रंग करत्यात, कुनी म्हनायचं इख."

हरणाबाईनं उकळलेल्या पाण्यात केलेली गरम नाचणीची आंबील आणली. ती बोलकी बाई होती आणि तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळेच हंबीररावाला ते ऐकणं जड गेलं. तिनं सांगितलं, की केरबा तुरुंगात होता तेव्हा तिनं हिरडा गोळा करून, लोकांची भातं लावून दोन पोरं जगवली. थोरला आता पुण्याला असतो, धाकटीचं लग्न झालं. मग म्हणाली, की तो आत असतानाच पावसाळ्यात केरबाची आई गेली. नदीला पाणी होतं, वाट बंद होती. तुरुंगात निरोप पोचला तो तिसऱ्या दिवसानंतर. आईला अग्नी चुलत दिराच्या पोरानं दिला.

केरबा खाली मान घालून बोटानं ओट्याचं शेण खरवडत होता. रेश्मानं आपल्या वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिला इतका म्हातारा कधी दिसला नव्हता.

थोड्या वेळानं राहीबाईनं झाड बघायचं म्हटलं. हंबीरराव म्हणाला, की राईपर्यंत तुला चालवणार नाही. इथूनच जंगल बघ आणि परत जाऊ. तेव्हा केरबा उठून घरामागं गेला आणि एक जाड बांबू आणि घोंगडं घेऊन आला. वाडीतलं कुणी आजारी पडलं, बाळंतपणाला अडलं, की त्यांना अशाच झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावं लागे. त्यानं घोंगडं बांबूला दोन्ही टोकांनी आवळून बांधलं, ओढून बघितलं.

"फुडं मी ऱ्हातो," तो म्हणाला. "मागनं तुमी धरा, सायेब. वाट तुमाला ठावं हाय."

राहीबाई झोळीत आडवी झाली. तिचं वजन आता उरलं नव्हतं. ज्यानं पकडलं तो आणि जो पकडला गेला तो, असे दोघं एका बांबूला खांदा देऊन निघाले. मागून रेश्मा आणि हरणाबाई पाण्याची बाटली आणि एक पटकूर घेऊन चालत होत्या.

गवताचा माळ संपला आणि राई लागली, तसा उजेड एकदम कमी झाला. बाहेर ऊन कडक होतं, आत गारवा होता. वाळलेल्या पानांचा थर इतका जाड होता, की पावलांचा आवाज दबून येत होता. जांभळीच्या खोडांवर शेवाळ चढलं होतं, आणि त्या शेवाळात झाडावरच वाढणाऱ्या आमरीची वाळकी बोंडं लटकत होती. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला होता. त्याच्या हातभर लांब शेंगा वर लोंबत होत्या. राहीबाई झोळीतून वरच बघत होती. आडवं पडून जंगल बघायचं म्हटल्यावर तिला खोडं दिसत नव्हती, नुसती माथ्यावरची पानं आणि त्यांच्या फटींतून आभाळाचे तुकडे दिसत होते. तिनं एकदा विचारलं, की ही झाडं कुणी लावली. केरबा न थांबता म्हणाला, की कुणीच नाही. त्याच्या आज्याच्या आज्यालाही ती अशीच दिसली असतील.

एका अंजनीखाली ते दम खायला थांबले. वर फांद्या हलल्या, आणि तांबूस पाठीचा, पिवळट पोटाचा, लांब झुपकेदार शेपटीचा शेकरू एका फांदीवरून दुसरीवर गेला. शेंड्याच्या बेचक्यात त्याचं काटक्यांचं घरटं होतं. राहीबाईनं त्याचं नाव शाळेतल्या पुस्तकात वाचलं होतं, बघितला पहिल्यांदाच. दूरवर कुठं तरी धनेश पक्षी ओरडत होते, माणूस हसल्यासारखे.

पुढं ओढ्याच्या आधी केरबानं एकाएकी हात वर केला. वाटेवर गवा उभा होता. काळाभोर, खांद्याला माणसापेक्षा उंच, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. कान पुढं करून तो यांच्याकडे बघत होता. मागं झुडपात आणखी दोन-तीन असावेत, कारण काटक्या मोडत होत्या. झोळी खाली ठेवायला वेळ नव्हता. हलायचं नव्हतं. दोघं बांबू खांद्यावर घेऊन तसेच थांबले. हंबीररावानं दोन्ही हातांनी बांबू आवळून धरला. आयुष्यात त्यानं कितीतरी गवे पाहिले होते, पण खांद्यावर बायको घेऊन असा कधी उभा राहिला नव्हता. राहीबाईनं मान वळवून त्या जनावराकडे पाहिलं. ती घाबरली नाही. गव्यानं नाकानं मोठा श्वास सोडला, तोंड वळवलं आणि उताराला लागला. त्याच्यामागून एक गाय आणि बदामी रंगाचं वासरू गेलं.

"केवडं त्ये," राहीबाई हळूच म्हणाली.

कुंभ्याचं झाड ओढ्याच्या पलीकडे होतं. हंबीररावाला ती जागा आठवत होती, फक्त तेव्हा पाऊस होता आणि सगळीकडे तोडलेल्या लाकडाचा वास होता. त्यांनी झोळी खाली ठेवली. केरबानं झुडूप बाजूला केलं आणि दाखवलं. त्यानं स्वतः तोडलेलं नरक्याचं खोड तिथं होतं. खाली काळं पडलेलं, मधोमध कुजलेलं. पण त्याच्या कडेनं चार-पाच फुटवे फुटून माणसाच्या दुप्पट उंच गेले होते. त्यांना गडद जांभळ्या फळांचे घोस लागले होते. दोन बुलबुल फळं खात होते. माणसं दिसली तशी ते उडून गेले.

मुळं उपटायची राहिली होती, म्हणून हे वाचलं, केरबा म्हणाला. बाकीची वर चढाला, तिथं एकही परत आलं नाही.

रेश्मानं आईला उठवून झाडाला टेकून बसवलं. राहीबाईनं हात मागं नेऊन एका फुटव्याच्या सालीवर ठेवला. करड्या रंगाची साधी साल होती. तिनं केरबाला विचारलं, की तुम्ही तेव्हा तोडलेलं कुठल्या तरी आजारी माणसाला मिळालं असेल का. केरबा म्हणाला, त्याच्या मोळ्या तर जप्तच झाल्या होत्या. त्या सरकारी गोदामात कुजल्या असतील. पण पळालेल्या दोघांनी आधीच्या महिन्यात पुष्कळ नेलं होतं. ते कुणाला तरी मिळालंही असेल.

"मी ह्यास्नी माफी मागायला आनलं न्हाई," राहीबाई म्हणाली. "त्यांनी क्येलं त्ये त्यांच्या नोकरीला धरून क्येलं. सगळंच तोडलं असतं, तर हितं काय ऱ्हायलं असतं? आन तुमी क्येलं त्ये पोटासाटी. मला कुनाचा न्याय करायचा न्हाई. ह्या झाडापायी मला चार दिस जास्त मिळत्यात, आन ह्याच्यापायी तुमचं घर फुटलं. ह्ये मला ठावं झाल्यावर मी तशीच मराया नको, म्हनून आले."

केरबा ओढ्याकडे बघत राहिला. हंबीरराव अजून खांदा चोळत उभा होता. तो म्हणाला, "तुज्या आईचं मला म्हाईत नव्हतं, केरबा."

केरबानं वळून पाहिलं. आज भेटल्यापासून पहिल्यांदाच त्यानं सरळ डोळ्यांत पाहिलं. "आसतं तर सोडलं आसतं का?"

खोटं बोलणं हंबीररावाला त्या जागी शक्य नव्हतं. "न्हाई," तो म्हणाला. "सोडलं नसतं. पन तुरुंगाच्या सायबाच्या दारात बसलो असतो. तुला घिऊन आलो असतो आईला बघायला. पानी असतं तरी आनलं असतं."

केरबानं मान हलवली, आपल्याशीच. मग ओढ्याकाठी बसून गार पाण्यानं तोंड धुतलं, आणि बराच वेळ तोंडावर हात धरून बसला. हरणाबाई त्याच्याजवळ गेली नाही. ती राहीबाईशेजारी बसून राहिली.

परत येताना केरबानं जागा बदलली. उतारावर मागच्या माणसाला झोळी ओढून धरावी लागते, म्हणून तो मागं गेला आणि हंबीररावाला पुढं घेतलं. वाडीत पोचेपर्यंत राहीबाई झोळीत झोपून गेली होती.

औषधानं नंतर चार-पाच महिने आजाराला थोपवून धरलं. त्या दिवसांत राहीबाई घरात हिंडूफिरू लागली. रेश्मा सुट्टीला आली, की तिच्या हातचं खाऊ लागली. संध्याकाळी कट्ट्यावर बसून शेजारणींना ती गव्याचं सांगायची. हंबीररावाची बांधून ठेवलेली उपरणी, फेटे, जुने गणवेश सगळं तिनं उन्हात घालून आवरून ठेवलं. एकदा हरणाबाई पुण्याला थोरल्याकडे गेली असताना तिनं तिला फोन लावून घेतला आणि दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वैशाखात रक्त पुन्हा कमी झालं, ताप आला, आणि डॉक्टरीणबाईंनी हंबीररावाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या. त्यानं कशामुळे, किती दिवस, असं या वेळी काही विचारलं नाही.

ती घरीच गेली, दुपारी, रेश्माच्या मांडीवर डोकं ठेवून. हंबीररावानं हात धरला होता.

फणसवाडीत निरोप उशिरा पोचला, कारण तिथं रेंज नसते. दहाव्याच्या दिवशी केरबा आणि हरणाबाई एसटीनं आले. तुरुंगाचे दिवस सोडले, तर इतक्या सपाट मुलखात केरबा कधी उतरला नव्हता. घर विचारत विचारत ते दोघं उसाच्या बांधावरून चालत आले. आल्या आल्या हरणाबाई स्वयंपाकघरात गेली आणि बायकांबरोबर कामाला लागली. केरबा पुरुषांत येऊन बसला. कुणी विचारलं हा कोण, तर हंबीरराव म्हणाला, "आमचा मानूस हाय. जंगलाकडचा."

नदीवर पिंड ठेवले तेव्हा कावळा बराच वेळ शिवेना. भाऊबंद एकेक जण पुढं होऊन काही काही कबूल करत होते. रेश्माचं लेकीसारखं बघू म्हणाले, शेताचं बघू म्हणाले. काहीच झालं नाही. मग केरबा पुढं गेला, हात जोडले, आणि इतरांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला, की वैनी, सायबाला एकटं पडू देत न्हाई. कावळा त्या शब्दानं शिवला की त्याला भूकच लागली होती, हे कुणाला सांगता येणार. पण तो खाली उतरला, आणि मंडळी पाण्यात पाय बुडवून उठली.

रात्री वस्तीला राहून दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. हंबीरराव त्यांना सोडायला इस्लामपूरच्या स्टँडवर गेला. शिराळ्याची गाडी लागली होती. केरबा पायरीवर चढला, परत उतरला, आणि म्हणाला, की पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा या. मग वाट बंद होते. हंबीरराव येतो म्हणाला. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तो उभा राहिला.

त्या दिवशी त्याच्या शेताला पाण्याची पाळी होती. तो घरी आला, धोतर खोचलं, खोरं खांद्यावर टाकलं आणि पाण्याची दारं धरायला उसात गेला. उसाच्या सरीत पाणी हळूहळू पुढं सरकत होतं. तो बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहिला.